वाचक विचारतात: उणे तीस अंशांतली गावाच्या मालकीची पवनचक्की

गेल्या अंकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या मिगमाक या आदिवासी समाजाच्या पवनऊर्जा प्रकल्पाची ओळख करून दिली होती. गास्पे द्वीपकल्पावरच्या या प्रकल्पात ४७ पवनचक्क्या आहेत आणि त्यांची एकूण क्षमता १५० मेगावॅट आहे. २०१६च्या अखेरीला तो सुरू झाला. निम्मी मालकी तीन मिगमाक वस्त्यांची आहे, निम्मी एका वीज कंपनीची. वीज २० वर्षांच्या करारानं हायड्रो-क्वेबेक ही सरकारी कंपनी घेते. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. एकाच रोखाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

सातारा-सांगलीच्या पठारांवर फिरणारी पवनचक्की तशीच उचलून तिकडे लावली तर चालेल का? फरक नेमका कशात?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सोलापूर

तशीच लावली तर पहिल्या हिवाळ्यातच बंद पडेल. साधी पवनचक्की उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत चालेल अशी बांधलेली असते. थंड प्रदेशासाठीची आवृत्ती उणे ३० पर्यंत वीज देते, आणि उणे ४० पर्यंत नुसती उभी राहून टिकते. कॅनडाच्या उत्तरेला डायविक या हिऱ्यांच्या खाणीवर २०१२ मध्ये उभारलेल्या चार पवनचक्क्या उणे ४० मध्येही चालाव्यात म्हणून मुद्दाम बदलून घेतल्या होत्या. इतरत्र पारा उणे ३० च्या खाली गेला, की वारा कितीही चांगला असला तरी यंत्र स्वतःहून थांबतं.

पहिला फरक पोलादात. थंडीत पोलाद ठिसूळ होतं. जो धक्का एरवी त्याला वाकवून सोडतो, त्याच धक्क्यानं ते तडकतं. म्हणून मनोऱ्याच्या पत्र्याची आघात-चाचणी कमी तापमानाला घेतात. एस-३५५ या नेहमीच्या पोलादाच्या जे-२ प्रतीची चाचणी उणे २० ला होते, एन-एल प्रतीची उणे ५० ला. खरेदीच्या कागदावर नुसतं 'एस-३५५' लिहून भागत नाही, पुढची अक्षरं पाहावी लागतात. हेच बोल्ट, ओतीव भाग आणि शिडीच्या कंसांनाही लागू.

दुसरा फरक तेल आणि वंगणात. गिअरबॉक्सचं साधं तेल थिजलेल्या तुपासारखं होतं, पंपाला ओढताच येत नाही. म्हणून कृत्रिम तेल आणि तेलाच्या टाकीत हीटर. थंड पडलेलं यंत्र सुरू करायचा क्रम ठरलेला असतो: आधी नियंत्रण-पेटी गरम आणि कोरडी करायची, मग तेल गरम करायचं, मग पंप चालू, मग भार न देता पाती संथ फिरवायची, आणि शेवटी वीजनिर्मिती. याला कित्येक तास लागतात.

बिघाड बहुतेक वेळा इथेच होतो. वादळात वाहिनी तुटते, पुरवठा जातो, हीटर बंद पडतात आणि आख्खं यंत्र बाहेरच्या हवेइतकं गार होतं. पुरवठा परत आल्यावर घाईनं चालू केलं, तर आतल्या कार्डांवर जमलेलं हिमाचं पीठ वितळून पाणी होतं आणि कार्डं जळतात. म्हणून 'पुरवठा आला की चालू' अशी सवय तिकडे मोडावी लागते.

थंडीचा एक फायदाही आहे. गार हवा जड असते. समुद्रसपाटीला उणे ३० अंशांत एका घनमीटर हवेचं वजन सुमारे १.४५ किलो भरतं. आपलं सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर. इथे ४० अंशांच्या दुपारी ते १.०७ किलोच्या आसपास असतं. म्हणजे वाऱ्याचा वेग सारखाच धरला तरी तिकडच्या हवेत सुमारे ३५ टक्के जास्त शक्ती. मात्र पात्यांचा कोन बदलू न शकणाऱ्या जुन्या छोट्या यंत्रांना हीच जड हवा त्रास देते: जनरेटर क्षमतेपेक्षा जास्त वीज काढतो आणि तापतो, तेही बाहेर उणे ३० असताना. अशा यंत्रांच्या पात्यांचा कोन बसवतानाच थोडा कमी ठेवावा लागतो.

बर्फात वारा मोजणाऱ्या वाट्या फिरतात का? मग तिथे वारा किती हे कळतं कसं?
— भौतिकशास्त्राचे शिक्षक, बार्शी

फिरत नाहीत, हीच अडचण. वाट्या पूर्ण गोठल्या तर नोंद शून्य येते, ते निदान लक्षात तरी येतं. अर्धवट बर्फ बसला तर वाट्या फिरत राहतात पण संथ, आणि खोटा आकडा खऱ्यासारखा दिसतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग ६ मीटर प्रतिसेकंद ऐवजी ७ असेल तर शक्ती सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे मोजणीत वेग ५ टक्के चुकला, तर वर्षाच्या विजेचा अंदाज १० ते १५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, आणि कर्जाचा हप्ता त्याच अंदाजावर ठरलेला असतो.

उपाय असा: मनोऱ्यावर एक तापवलेलं आणि एक साधं, अशी दोन उपकरणं शेजारी लावायची. दोघांच्या आकड्यांत फरक पडू लागला, की बर्फ धरायला लागला असं समजायचं. दिशादर्शकाचीही खूण असते. खरा वारा सतत थोडा हलतो; तापमान शून्याखाली आणि दिशा तासभर अंशभरही बदलत नसेल, तर दिशादर्शक गोठलेला आहे. ते तास नोंदीतून काढून टाकायचे, आणि किती तास काढले तेही लिहून ठेवायचं, कारण तो आकडाच पुढे बर्फामुळे होणारं नुकसान सांगतो.

उपकरणं तापवायला वीज लागते. अगदी उत्तरेला डिसेंबरात सूर्य जेमतेम उगवतो, त्यामुळे सौर पॅनेलवर भिस्त ठेवता येत नाही. मिथेनॉलवर चालणारा इंधन-घट किंवा छोटा जनरेटर ठेवावा लागतो. मनोऱ्याच्या ताणाच्या तारांवर मनगटाएवढा बर्फ चढून मनोराच कोसळतो, म्हणून तारा आणि त्यांना जमिनीत धरून ठेवणारे नांगर नेहमीपेक्षा भक्कम घ्यायचे. मोजणी किमान एक पूर्ण वर्ष, दोन झाली तर उत्तम. मग जवळच्या विमानतळाच्या जुन्या नोंदींशी ताळा घालायचा.

आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगायला हवं: हा मनोरा कुणाच्या नावावर आहे हे फार महत्त्वाचं. कंपनीनं मनोरा उभारला तर आकडे कंपनीचे. मग वाटाघाटीला बसताना आपल्याच डोंगरावरचा वारा किती, हे गावाला माहीत नसतं. मिळेल त्या भावाला हो म्हणावं लागतं. प्रकल्पाची मालकी मोजणीच्या मनोऱ्यापासून सुरू होते असं आमचं ठाम मत आहे. साठ मीटरचा मनोरा ही पवनचक्कीच्या मानानं किरकोळ खर्चाची वस्तू आहे. समाजानं आधी तो स्वतःचा उभारावा, भागीदार नंतर शोधावा.

पवनचक्क्यांसाठी आमच्या भागात एकदाच पैसे देऊन जमिनी घेतल्या, पुढे गावाचा संबंध राहिला नाही. तिकडच्या आदिवासींची निम्मी मालकी कशी? एवढा पैसा त्यांनी आणला कुठून?
— शेतकरी, सांगोला तालुका

जमीन भाड्यानं देणं, प्रकल्पात वाटा घेणं आणि प्रकल्प पूर्ण आपला असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडात तिन्हींची उदाहरणं सापडतात. ओंटारिओतल्या मनिटूलिन बेटावर मचिगिंग समाजाच्या दोन पवनचक्क्या आहेत, एकूण ४ मेगावॅट, २०१२ पासून. मालकी शंभर टक्के समाजाची. त्याच प्रांतातल्या हेनव्ही इनलेट समाजाचा प्रकल्प ३०० मेगावॅटचा, २०१९ मध्ये सुरू झालेला. तिथे निम्मा वाटा समाजाचा. मोठ्या प्रकल्पाला मोठा भागीदार लागतोच, प्रश्न अटींचा असतो.

पैशाची अडचण तुम्हाला ओळखीची वाटेल. तिथल्या आदिवासींसाठीच्या 'इंडियन ॲक्ट' या कायद्याच्या कलम ८९ मुळे राखीव क्षेत्रातली आदिवासींची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येत नाही. हे संरक्षणच आहे, पण त्यामुळे बँक तारण नाही म्हणते. आपल्याकडे वर्ग २ च्या जमिनीवर कर्ज काढताना जी पायपीट होते, तिचाच हा मोठा अवतार. मार्ग असा काढतात: प्रकल्पासाठी वेगळी भागीदारी संस्था स्थापायची. पवनचक्क्या, वीजविक्रीचा करार आणि जागेचा भाडेपट्टा त्या संस्थेच्या नावावर. बँक तारण म्हणून हे धरते. मूळ जमीन समाजाचीच राहते.

हिशेब सोपा करून सांगतो. प्रकल्प १०० रुपयांचा धरा. साधारण ७५ रुपये बँकेचं कर्ज, २५ रुपये मालकांचं भांडवल. निम्मा वाटा हवा तर समाजाला साडेबारा रुपये उभे करावे लागतात. हेही बहुधा कर्जानंच येतात, आणि तिथे सरकारी हमी कामी येते. ओंटारिओ प्रांतानं २००९ मध्ये आदिवासी समाजांसाठी कर्जहमी योजना सुरू केली. कॅनडाच्या केंद्र सरकारनं २०२४ च्या अर्थसंकल्पात ५ अब्ज कॅनडियन डॉलरची हमी जाहीर केली. हमी असली की व्याज उतरतं, आणि वाट्यातलं उत्पन्न सगळं हप्त्यातच जात नाही. तरीही पहिली काही वर्षं हातात थोडंच येतं. हे समाजाच्या बैठकीत सुरुवातीलाच आकड्यांनिशी सांगितलं नाही, तर तिसऱ्या वर्षी भांडणं होतात.

संमती न घेता काम रेटलं तर काय होतं, याचं उदाहरण नॉर्वेत आहे. फोसेन द्वीपकल्पावर स्टोरहेया आणि रोआन इथे मिळून १५१ पवनचक्क्या सामी या तिथल्या आदिवासी समाजाच्या रेनडिअर-कुरणांवर उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की दिलेले परवाने वैध नाहीत. सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला आहे. त्यानंतरही पाती फिरतच राहिली. २०२३ मध्ये तरुण सामींनी ऑस्लोत मंत्रालयांची दारं अडवली आणि तडजोडीचे करार २०२३ च्या अखेरीला व २०२४ मध्ये झाले. हिवाळ्याचं कुरण गेलं की कळप जगत नाही; मेंढरं घेऊन वाट चालणाऱ्या आपल्या सांगोला-माळशिरसच्या धनगरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून पवनचक्की कुठे बसणार हे ठरवण्यापूर्वी शिकारीच्या वाटा, सापळ्यांच्या ओळी, जनावरांची पिल्लं घालण्याची ठिकाणं, जुनी थडगी, औषधी वनस्पतींच्या जागा यांचा नकाशा समाजातली जाणती माणसं बनवतात. तो नकाशा समाजाच्याच ताब्यात राहतो आणि कंपनीला फक्त 'इथे नको' एवढंच कळवलं जातं. कराराची छाननी करताना वाट्याच्या टक्केवारीवरच नजर खिळते. आम्हाला मात्र चार कलमं जास्त मोलाची वाटतात. जागा बदलायचा अधिकार कुणाचा? देखभालीचा ठेका किती वर्षांचा आणि त्यात गावातली किती माणसं? वीज कंपनीनं उत्पादन थांबवायला सांगितलं तर नुकसान कुणाचं? आणि २५-३० वर्षांनी यंत्र उतरवायचा पैसा आतापासून कुठल्या खात्यात साठतोय? निम्मा वाटा असूनही ही चार उत्तरं दुसऱ्याच्या हातात असतील, तर ती मालकी कागदावरची.

आम्ही उन्हाळ्यात काँक्रीट पहाटे ओततो, ओलं बारदान टाकतो, आळी बांधून पाणी भरून ठेवतो. उणे तापमानात पाया कसा भरतात?
— बांधकाम ठेकेदार, पंढरपूर

तुमची सगळी कसरत उलटी करावी लागते, शिवाय एक नवीच अडचण उभी राहते.

सुमारे ३ मेगावॅटच्या एका पवनचक्कीच्या पायाला ४०० ते ५०० घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे ६ घनमीटरच्या मिक्सरच्या सत्तर-ऐंशी खेपा, त्याही एकसलग. मध्ये खंड पडला तर सांधा राहतो आणि तो पुढे उघडतो. आधी जमीन पाहायची. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतलं तर ती नंतर वितळते आणि पाया खचतो. म्हणून गरम द्रव फिरणाऱ्या नळ्या जमिनीवर अंथरून वर गोधडीसारखी आच्छादनं टाकतात. दिवसाला साधारण फूटभर जमीन वितळते. सळई आणि शटरिंगवरचा बर्फ गरम हवेनं काढायचा, पाणी मारून नव्हे.

मिश्रणाचं पाणी तापवतात, खडी-वाळूत बर्फाचे गोळे राहू देत नाहीत. क्रम महत्त्वाचा: गरम पाणी आधी खडी-वाळूत, सिमेंट शेवटी. गरम पाणी थेट सिमेंटवर पडलं तर ते मिक्सरमध्येच धरतं. जाड पायासाठी ओततानाचं तापमान ५ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, पातळ भागासाठी १३ च्या. काँक्रीटची ताकद ३.५ मेगापास्कलला पोचायच्या आत ते गोठलं, तर आतलं पाणी ९ टक्के फुगतं आणि सगळी वीण उसवते. असं काँक्रीट पुन्हा कधीच भरवशाचं होत नाही, फोडूनच काढावं लागतं. पुढच्या गोठण्या-वितळण्यासाठी मिश्रणात ५ ते ७ टक्के बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम ठेवतात, पाण्याला फुगायला जागा मिळावी म्हणून.

आता नवी अडचण. एवढ्या जाड पायाचा गाभा सिमेंटच्या स्वतःच्या उष्णतेनं ६०-७० अंशांपर्यंत तापतो आणि बाहेर उणे १५ असतं. गाभा आणि पृष्ठभागात सुमारे २० अंशांपेक्षा जास्त फरक पडला की वरून तडे जातात. त्यामुळे काँक्रीट भरतानाच आत तापमापकाच्या तारा सोडतात आणि आच्छादनं एकदम न काढता एकेक थर करून काढतात. ठेकेदाराला दुसऱ्या कामाची घाई असते, आठव्या दिवशी सगळी आच्छादनं ओढली जातात आणि संध्याकाळपर्यंत केसासारखे तडे दिसू लागतात. मनोऱ्याच्या तळकड्याखाली भरायच्या ग्राउटलाही (फट भरणाऱ्या पातळ गाऱ्यालाही) हीच काळजी. तो थंडीत धरला नाही, तर बोल्टांचा ताण वर्षभरात ढिला पडतो.

आपल्या भारतीय मानकांत याचे दोन्ही भाग आहेत: आय.एस. ७८६१ चा पहिला भाग उष्ण हवेसाठी, दुसरा थंड हवेसाठी. तुमच्या कामाचा पहिला, पण दुसरा वाचलात तर पहिल्यातल्या बऱ्याच सूचनांमागचं कारण कळेल.

आणखी उत्तरेला, जिथे जमीन बारमाही गोठलेली असते, तिथे काँक्रीट टाळलेलंच बरं. काँक्रीटची ऊब खालची जमीन वितळवते. अमेरिकेच्या अलास्का राज्यात पोलादी खांब भोकांत उतरवून भोवती वाळू-पाण्याचा काला भरतात. तो गोठला की खांब घट्ट. हे काम हिवाळ्याच्या शेवटी करतात, कारण उन्हाळ्यात वरचा थर चिखल होतो आणि यंत्रं रुततात. वरचा हाच थर दर हिवाळ्यात फुगून खांबाला चिमटीत धरून वर ओढतो, म्हणून तेवढ्या भागाला ग्रीस आणि गुंडाळी. खांबांशेजारी बंद नळ्या उभ्या करतात, आत दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात हवा जमिनीपेक्षा गार असते तेव्हा तो खाली उकळून वायू होतो, वर जाऊन गार होऊन पुन्हा द्रव होतो, परत खाली येतो आणि जमिनीतली उष्णता बाहेर नेतो. मोटर नाही, वीज नाही.

पात्यांवर बर्फ साचतो तो फेकला जात नाही का? कडाक्याच्या थंडीत तो सर्वांत जास्त साचत असेल ना?
— गृहिणी, अक्कलकोट

फेकला जातो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलटं आहे. उणे ३५ ला हवा इतकी कोरडी असते की बर्फ फारसा धरत नाही. खरा धोका शून्य ते उणे १०-१५ च्या दरम्यान, ढग किंवा धुकं डोंगराला टेकलेलं असताना. म्हणूनच वारा जास्त म्हणून निवडलेला माथा बर्फासाठी सर्वांत वाईट ठरू शकतो. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या व्हाइटहॉर्स शहराजवळच्या हेकेल टेकडीवर हेच झालं. तिथे १९९३ मध्ये १५० किलोवॅटची पहिली पवनचक्की लावली आणि पाती तापवण्यापासून काळी रंगवण्यापर्यंतचे प्रयोग बर्फापायी करावे लागले. त्याच टेकडीवर आता क्वानलिन डुन या आदिवासी समाजाच्या कंपनीच्या चार नव्या पवनचक्क्या आहेत, मिळून ४ मेगावॅट.

पात्याच्या धारेवर बोटभर बर्फ बसला तरी त्याचा आकार बिघडतो आणि वीज निम्म्यावर येऊ शकते. ठिकाणांची बर्फानुसार पाच वर्गांत विभागणी करतात: पहिल्या वर्गात वर्षाचं नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आत, तिसऱ्यात ३ ते १२ टक्के, पाचव्यात २० टक्क्यांहून जास्त. दुसऱ्या वर्गापर्यंत यंत्र थांबवून बर्फ गळायची वाट पाहणं परवडतं. तिसऱ्यापासून पुढे पात्यात गरम हवा फिरवणं किंवा धारेत कार्बन-तंतूंचा तापणारा थर बसवणं हिशेबात बसतं. अंतराचा ढोबळ नियम असा: मनोऱ्याची उंची अधिक पात्यांच्या वर्तुळाचा व्यास, गुणिले दीड. उंची १०० आणि व्यास ११४ मीटर असेल तर ३२१ मीटर. एवढ्या घेरात घर, शाळा किंवा हिमगाड्यांची रोजची वाट नको.

हिवाळ्यात वारा पडतो का तिकडे?
— वाचक, करमाळा

नाही, वाढतो. आपल्याकडे पवनचक्क्यांची सुगी पावसाळ्याचे चार महिने. तिकडे बहुतेक ठिकाणी हिवाळा. घरं तापवायची गरजही तेव्हाच सर्वांत जास्त असते, आणि उत्तरेत पवनऊर्जा सौरऊर्जेपेक्षा सोयीची वाटते ती यामुळे.

कमी लोडवर जनरेटर चालवला की सायलेन्सरमधून काळं तेल गळतं. वारा वाढला की तिकडचा जनरेटर रिकामाच चालत असणार. मग डिझेल वाचतं तरी का?
— जनरेटर दुरुस्ती करणारे, चिंचोळी एमआयडीसी

उत्तरेच्या गावांचं सगळं गणित या काळ्या तेलाभोवतीच फिरतं. अलास्का आणि उत्तर कॅनडातल्या शेकडो वस्त्या ग्रिडला जोडलेल्या नाहीत. डिझेल उन्हाळ्यात बोटीनं येतं, वर्षभर टाक्यांत साठतं. नीट भारावर जनरेटर लिटरला साडेतीन ते चार युनिट देतो. १०० किलोवॅटच्या पवनचक्कीनं वर्षभरात क्षमतेच्या पाव भाग जरी वीज दिली तरी २ लाख १९ हजार युनिटं होतात, म्हणजे ६० हजार लिटरच्या आसपास डिझेल. पण ते खरोखर वाचायला हवं तर जनरेटरचा किमान भार सांभाळावा लागतो, तुम्हाला ठाऊक आहे तसा क्षमतेच्या साधारण ३० टक्के. त्याखाली सिलिंडर नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, रिंगांवर काजळी चढते.

एक रात्र धरू. गावाचा भार १८० किलोवॅट, जनरेटर ३०० किलोवॅटचा, वारा ४०० किलोवॅट देतोय. जनरेटरला किमान ९० हवेत. म्हणजे वाऱ्याचे फक्त ९० गावाच्या विजेत खपले, ३१० उरले. ही जादा वीज कुठे टाकायची?

अलास्कातल्या युपिक समाजाच्या काँगिगानाक, क्विगिलिंगोक, तुंतुतुलियाक आणि किपनुक या चार गावांनी २००५ मध्ये एकत्र येऊन चानिनिक विंड ग्रुप स्थापन केला, आणि यावर आम्हाला फार आवडलेला तोडगा काढला. काँगिगानाकमध्ये ९५ किलोवॅटची पाच जुनी डॅनिश यंत्रं नव्यानं दुरुस्त करून लावली. घराघरांत विटांच्या शेगड्या बसवल्या: आत जड सिरॅमिक विटा, त्यांत विजेच्या तारा. वारा जास्त झाला की शेगड्या आपोआप चालू होतात, विटा कित्येकशे अंशांपर्यंत तापतात आणि पुढे तासन्‌तास घर ऊबदार ठेवतात. त्या विजेचा मीटर वेगळा, दर कमी. वरच्या हिशेबातले ३१० किलोवॅट दहा तास शेगड्यांत गेले तर ३,१०० युनिटं होतात. घर तापवायच्या तेलाच्या भट्टीतून लिटरला सुमारे ८ युनिटांएवढी उष्णता मिळते. म्हणजे एका रात्रीत ३९० लिटरच्या आसपास तेल वाचलं, आणि तेही थेट घरातल्या माणसाच्या खिशातलं.

नियंत्रणाची किल्ली फ्रिक्वेन्सीत, म्हणजे विजेच्या प्रवाहाच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांत आहे. तिकडे ती ६० हर्ट्झ. वारा वाढून ती वर सरकू लागली की शेगड्या टप्प्याटप्प्यानं लागतात, खाली आली की सुटतात. सगळ्या एकदम लावल्या तर झटका बसून जनरेटर ट्रिप होतो, म्हणून टप्पे लहान ठेवायचे. जनरेटर पूर्ण बंद ठेवायचा असेल तर स्वतः फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. वारा एकाएकी पडला तर डिझेल इंजिन सुरू होईपर्यंतची काही मिनिटं बॅटरी निभावते, म्हणून बंद इंजिनाचंही पाणी हीटरनं गरम ठेवतात. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचा लिथियम जमून ती कायमची बिघडते; बॅटरीच्या खोलीची ऊब हा देखभालीच्या वहीतला रोजचा रकाना हवा.

आयटीआय केल्यावर असं काम करता येईल का? एवढ्या थंडीत वर चढून दुरुस्ती कशी करतात?
— इलेक्ट्रिशियन ट्रेडचा विद्यार्थी, सोलापूर

करता येईल. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेत प्रशिक्षणवर्ग होतात. उंचीवरचं काम, प्रथमोपचार, आग आणि सुटका यांचं वेगळं प्रमाणपत्र कंपन्या मागतात आणि ते ठरावीक मुदतीनं पुन्हा घ्यावं लागतं. गावाच्या मालकीच्या प्रकल्पांत पहिली दोन माणसं यंत्र बसवतानाच निर्मात्याच्या माणसांबरोबर ठेवतात. नंतर शिकवू म्हटलं की ते राहूनच जातं.

थंडीतल्या कामाचे नियम साधे आणि कडक. एकट्यानं चढायचं नाही. शिडी संथ चढायची, कारण घाम आला की वर थांबल्यावर तोच गारठवतो. कोरडा आतला शर्ट पिशवीत हवाच. उघड्या हातानं लोखंडाला हात लावायचा नाही. वॉकीटॉकी जॅकेटच्या आत, नाहीतर बॅटरी बसते. पात्यांवर बर्फ असेल तर यंत्र थांबवून, पाती मनोऱ्याच्या दारापासून दूर वळवूनच आत शिरायचं.

सुट्या भागांचं नियोजन हे या कामातलं अर्धं शहाणपण. मिगमाक प्रकल्पाची यंत्रं बनवणारी सेनव्हियन ही जर्मन कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, यंत्रं सुरू होऊन तीन वर्षंही झाली नसताना. निर्माता राहील असं कुणीच धरू नये. नियंत्रण-प्रणालीचे पासवर्ड, विद्युत-नकाशे आणि भागांची यादी पहिल्या दिवसापासून मालकाच्या कपाटात असावी. गावात साठवायचं ते साधारण असं: पात्यांचा कोन बदलणाऱ्या बॅटऱ्यांचा एक पूर्ण संच (शिशाच्या बॅटऱ्या उणे ३० ला जेमतेम निम्मी ताकद देतात), वारामापक दोन, नियंत्रण-कार्डं, हीटर, काँटॅक्टर, फ्यूज, ब्रेकचे पॅड, थंडीचं तेल आणि ग्रीस. बोट फक्त उन्हाळ्यात येते, म्हणून हिवाळाभर खराब झालेल्या भागांची यादी एप्रिलमध्येच पक्की करून मागणी नोंदवतात. त्यातून राहिलेला फ्यूज विमानानं मागवावा लागतो, आणि धावपट्टीवर धुकं असलं तर पाती तेवढे दिवस थांबलेली राहतात.